आई मला ‘अक्का’ म्हणते

ठाण्याहून एका चोपन्न वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची आई एक्याऐंशी वर्षांची, निवृत्त विज्ञान शिक्षिका. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून वर्षभर सगळे घोडबंदर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. तिथे आल्यापासून आई झपाट्यानं उतरली. गेले सहा महिने ती लेकीला ओळखत नाही, ‘अक्का’ म्हणते. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली. आई जन्मभर नास्तिक, घरात देव्हारा नव्हता. आता सांभाळायला येणाऱ्या मावशी तिन्हीसांजेला मोबाईलवर आरती लावतात आणि आई टाळ्या वाजवत, शब्द न चुकता ती म्हणते. पुण्याच्या भावाचं म्हणणं असं, की ‘आई केव्हाच गेली, उरलंय ते शरीर. तिला चांगल्या केंद्रात ठेवू, आणि ती आरती बंद कर, ही तिची विटंबना आहे.’ सोसायटीच्या कागदांवर मात्र आईचा अंगठा घ्यावा, असंही तोच सुचवतो. आईच्या जुन्या डायरीत एक ओळ सापडली आहे: ‘माणसं ओळखू येईनाशी झाली तर मला जगवत बसू नका.’ लेक विचारते: ‘मी रोज जिला भरवते ती माझी आई आहे, की तिच्या जागी दुसरीच कुणी? आणि मी ऐकायचं कुणाचं, तेव्हाच्या आईचं की आताच्या?’

ताई,

‘आई आता आई राहिली नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे, एकदा भावाच्या तोंडी आणि एकदा तुमच्या. त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. आई पूर्वीसारखी आहे का, हा स्वभावाचा प्रश्न. जिचं बोट धरून तुम्ही शाळेत गेलात तीच ही आहे का, हा एकपणाचा प्रश्न. आणि तिला अजून माणूस म्हणून पूर्ण मोजायचं का, हा दर्जाचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आहे, ते मान्य करून टाका. त्याचं दुःख खरं आहे. पण पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून उरलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर आपोआप ‘नाही’ होत नाही. तुमचे भाऊ पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जातात, आणि त्यांच्या बोलण्यातली चूक नेमकी तिथे आहे.

पुढे जाण्याआधी एक काम सांगते, ते याच आठवड्यात करा. अल्झायमर सहसा महिन्या-वर्षांच्या चालीनं उतरतो. माणूस दोन दिवसांत बदलला, गुंगीत गेला, भास होऊ लागले, तर ते बहुतेकदा ‘डेलिरियम’ असतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम घसरणं किंवा एखादी नवी गोळी ही त्याची नेहमीची कारणं. त्यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो, आणि कारण सापडलं तर माणूस बराचसा परत येतो. उतरण सावकाश असली तरी कानातला मळ, श्रवणयंत्राची संपलेली बॅटरी, जुन्या नंबरचा चष्मा आणि सैल झालेली कवळी या चार गोष्टी तपासून घ्या. ऐकू येत नसेल आणि चेहरा धूसर दिसत असेल, तर ओळख पटणार कशी? घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. ॲलर्जीच्या, झोपेच्या आणि वारंवार लघवीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी विस्मरण वाढतं. बी-१२ आणि थायरॉइड वर्षभरात तपासलं नसेल तर तेही तपासा. यातलं काही निघालं, तर ‘आई राहिली नाही’ असं ज्याला म्हणत होतो त्याचा काही भाग कान आणि गोळ्यांचा होता, हे कळेल.

आता दुसरा प्रश्न. आठवण गेली की माणूस गेलं, हा भावाचा विचार जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञानं १६९४ मध्ये पद्धतशीर मांडला. जाणीव मागे जिथवर पोचते तिथवर ती व्यक्ती एक, असं त्याचं म्हणणं. पण लॉकनंच लिहून ठेवलं आहे, की ‘व्यक्ती’ हा शब्द तो न्यायनिवाड्याच्या अर्थानं वापरतो आहे. केलेल्या कृत्याची जबाबदारी, शिक्षा, बक्षीस कुणाच्या खाती टाकायचं, हे ठरवायला त्याला ते माप हवं होतं. आईला कुणी कसला जाब विचारणार नाही. मग ते माप तिच्या अंगाला का लावायचं?

ते माप आतूनही तुटतं. टॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७८५ मध्ये एका सेनापतीचा दाखला दिला. त्यानं लहानपणी फळबाग लुटली म्हणून फटके खाल्ले होते, आणि तरुणपणी पहिल्याच मोहिमेत शत्रूचं निशाण हिसकावलं होतं. निशाण घेताना त्याला फटके आठवत होते. सेनापती झाल्यावर निशाण आठवत होतं, पण फटके विसरले होते. लॉकचा नियम लावला तर सेनापती आणि तो तरुण अधिकारी एक, अधिकारी आणि तो मुलगा एक, पण सेनापती आणि मुलगा मात्र दोन निराळी माणसं! आपलंही तसंच आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षातलं आपल्याला काही आठवत नाही, तरी ते मूल आपणच होतो. ते पटवायला आपल्याला आठवण लागत नाही, सांगणारी आई पुरते. तुमच्या घरात आता सांगणारी बाजू बदलली आहे, एवढंच.

आत्मा मानणाऱ्या घरात हा प्रश्न लवकर मिटतो. तुमच्या आईला ते उत्तर चाललं नसतं, म्हणून मी ते तुम्हाला देत नाही. तिला पटलं असतं असं एक जुनं उत्तर बौद्ध परंपरेत आहे. भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही, पण दुसरीही नाही. एकीच्या आधारानं दुसरी पेटत आली आहे. आत एखादा न बदलणारा गाभा हवाच असं नाही, न तुटलेली परंपरा पुरते. तुमच्या पत्रातली आई अशीच आहे. ती तुम्हाला ‘अक्का’ म्हणते, शेजारीण किंवा नर्स म्हणत नाही. अक्का म्हणजे तिच्या आयुष्यातलं थोरलं, हक्काचं माणूस. तिनं नाव चुकवलं, नातं नाही चुकवलं. ही ओळखच आहे, फक्त नावाचं खातं वेगळं निघालं.

म्हणून ‘मी कोण, ओळखलंस का?’ हा प्रश्न आजपासून बंद करा. ती परीक्षा असते, आणि आई रोज त्यात नापास होते. शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला नापास होणं कळतं, उत्तर आठवलं नाही तरीही कळतं. समोरून या, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, हात हातात घ्या आणि स्वतःच सांगा: ‘मी आले गं, आज लवकर सुटले.’ एका वेळी एकच वाक्य बोला आणि मनात सावकाश दहा आकडे मोजून उत्तराची वाट बघा. बहुतेकांची घाई पाच आकड्यांतच होते, ते पुढचा प्रश्न विचारतात आणि तिचं अर्धवट जुळलेलं वाक्य विस्कटतं. तिनं ‘अक्का’ म्हटलं तर ‘ओ’ द्या. ‘अक्का कधीच गेली’ असं सांगू नका, कारण तिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते. हे खोटं बोलणं आहे का, असं मनात येईल. ‘मीच अक्का’ असं ठासून सांगण्याची काही गरज नाही. ‘अक्काची आठवण येते का? काय करायची गं ती तुझ्यासाठी?’ एवढं विचारलं की खोटंही होत नाही आणि घावही बसत नाही.

भेटीचा उपयोग काय, ती तर विसरून जाते, असं भाऊ म्हणतील. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दुःखाची आणि आनंदाची चित्रफीत दाखवली. थोड्या वेळानं चित्रफितीतलं फारसं काही आठवेना, पण त्यातून आलेली भावना तीस मिनिटांपर्यंत टिकली होती. भेट विसरली जाते, भेटीनं आलेला बरेपणा मागे रेंगाळतो.

नौपाड्याचं घर सुटल्यावर आई उतरली, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये ओटो नावाचा एक काल्पनिक रुग्ण उभा केला. त्याला अल्झायमर आहे आणि तो लागेल ते सगळं वहीत टिपतो. संग्रहालय कोणत्या रस्त्यावर आहे हे तुम्ही मनात शोधता, तो वहीत शोधतो. मग वही हा त्याच्या मनाचाच भाग का म्हणू नये, असा त्यांचा प्रश्न. तुमच्या आईची वही म्हणजे ते घर होतं: पलंगापासून मोरीपर्यंतची पावलं, उजव्या हाताला येणारं बटण, खिडकीतून येणारे गोखले रोडचे आवाज. ते घर एका दिवसात काढून घेतलं गेलं. त्यात तुमचा दोष नाही, इमारत कुणासाठी थांबत नाही. पण त्यातलं थोडं परत आणता येतं. पलंग जुन्या घरात ज्या दिशेला होता त्याच दिशेला लावा. जुनी चादर, जुनं स्टीलचं भांडं, तेच घड्याळ तिला दिसेल अशा जागी ठेवा. संडासाच्या दारावर ठळक रंगाचा कागद आणि चित्र लावा, रात्री तिथे मंद दिवा ठेवा. आरशात अनोळखी बाई दिसते म्हणून ती घाबरत असेल तर आरसा झाका. नवी इमारत पूर्ण झाली की पुन्हा घर बदलेल, तेव्हा तिची खोली आधी लावून मगच तिला न्या.

तिसऱ्या, म्हणजे दर्जाच्या, प्रश्नावर मी जर्मन तत्त्वज्ञ कांटपासून सुरुवात करणार नाही. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, हे त्याचं म्हणणं थोर आहे. पण ती प्रतिष्ठा तो विवेकबुद्धीवर उभी करतो, आणि नेमकी तीच आईची मावळते आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये वेगळी वाट दाखवली. व्यक्ती असणं हा नात्यांमध्ये, इतरांनी माणसाला दिलेला दर्जा आहे, असं ते म्हणतात. तो दर्जा रोजच्या वागण्यातून कसा हिरावला जातो, याचे सतरा प्रकार त्यांनी नोंदवले. त्यातले बरेच आपल्या घरांत प्रेमानंच चालतात: तिच्या डोक्यावरून तिच्याबद्दल बोलणं, ‘शहाणं बाळ ते’ म्हणणं, तिला दोन मिनिटं लागतात म्हणून पदराची पिन आपणच लावून टाकणं, ती बोलत असताना टीव्ही मोठा करणं. एक दिवस मोजून बघा, किती वेळा होतं ते.

किटवुड यांच्या म्हणण्यात एक धोकाही आहे. दर्जा आपण देत असू, तर आपण तो काढूनही घेऊ शकतो, आणि भाऊ तेच करत आहेत. म्हणून मी एवढंच घेते, की दर्जा आधीपासून तिचा आहेच, आपल्या हातात फक्त तो पाळणं किंवा मोडणं असतं. मुंबईनं याचं एक मोठं उदाहरण पाहिलं आहे. परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर, मेंदूला इजा झालेल्या अवस्थेत, मे २०१५ पर्यंत केईएम रुग्णालयात होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांना मरू द्यावं का, या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये निकाल दिला, तेव्हा त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. शानबाग यांची अवस्था फार वेगळी होती, तुलना करू नका. पण ज्याचा हात रोज लागतो त्याचं म्हणणं वजनदार, हे सूत्र तुमच्या घरालाही लागू आहे. आरतीबद्दल मावशींना काय दिसतं, हे भावानं त्यांना एकदा विचारायला हवं.

आरतीचा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. अमेरिकी कायदेतत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये माणसाच्या हिताचे दोन भाग केले. एक, अनुभवाचं सुख: गाणं, ऊन, गोड घास. दुसरा, आयुष्याला आपण दिलेला आकार: तत्त्वं, निष्ठा. दोन्ही भांडले तर दुसरा भाग जिंकावा, असं त्यांचं मत. भाऊ हेच म्हणतात. कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर यांनी त्याला हरकत घेतली: समोर बसलेली, या क्षणी हसणारी व्यक्तीच नाकारून आपण कुणाचा मान राखतो? आणि तत्त्वज्ञ ॲग्निएश्का यावोर्स्का यांनी १९९९ मध्ये विचारलं, की रुग्णाला एखादी गोष्ट नुसती आवडते, की ती त्याला अजून मोलाची वाटते? मोल वाटण्याची क्षमता आठवणीच्या नंतर बराच काळ टिकू शकते.

हे घरी तपासता येतं. चार दिवस, त्याच वेळेला, आरतीऐवजी दुसरं काही लावा: एक दिवस पाढे, एक दिवस तिच्या तरुणपणीची गाणी, एक दिवस बालपणीच्या कविता, आणि एक दिवस काहीच न लावता मावशी नुसत्या शेजारी बसून टाळ्यांचा ठेका धरतील. रोज तीन गोष्टी लिहा: ती आपणहून सुरुवात करते का, तिची नजर मोबाईलकडे जाते की मावशींच्या तोंडाकडे, आणि संपल्यावर अर्ध्या तासानं ती शांत असते का. लहानपणी कानावर पडलेली लय अल्झायमरमध्ये फार उशिरा जाते, आणि आईच्या लहानपणी गल्लीत गणपती होताच. माझा अंदाज असा, की पाढ्यांनाही ती तितकीच खुलेल. तसं झालं तर तिला सोबत आणि लय हवी आहे, तिची श्रद्धा बदललेली नाही, आणि भावाला तसं सांगता येईल. पण आरतीच हवी असं दिसलं, तर ती लागू द्या. टाळ्या वाजवणाऱ्या बाईचे हात धरून ठेवण्यात मला तिच्या नास्तिकतेचा सन्मान दिसत नाही.

मर्यादा मात्र इथे घाला. तिच्या नावानं नवस, अभिषेक, गळ्यात माळ, ‘शेवटी आजी देवाला लागल्या’ म्हणून नातेवाइकांना पाठवलेला व्हिडिओ, हे काही नाही. सुखाचा हक्क आताच्या आईचा आहे. तिच्या आयुष्याचा अर्थ काय लावायचा, तो मात्र तेव्हाच्या आईनं लावून ठेवला आहे, तो कुणी पुसू नये. देहदानाचा फॉर्म तिनं भरला असेल तर आजच शोधा. फॉर्म असूनही ऐन वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, देह काही तासांत पोचवावा लागतो आणि शवविच्छेदन झालं असेल तर सहसा घेत नाहीत. कळव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात आधीच चौकशी करा. नेत्रदानाला सहा तास मिळतात.

डायरीतली ओळ हिताच्या याच दुसऱ्या भागात, आयुष्याला दिलेल्या आकारात, येते. ती फाडू नका आणि तिला घाबरूही नका. कायद्याच्या दृष्टीनं ते वैध वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनुसार त्याला शुद्धीत केलेली सही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित नोंद लागते. आता ते करायला उशीर झाला. पण इच्छापत्र नसलं तरी रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं आणि जवळच्यांची संमती यांतून कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवता येतात, आणि त्या वेळी ही डायरी तुमचा आधार आहे. ‘जगवत बसू नका’ याचा अर्थ भरवणं थांबवा असा होत नाही. जी हात पुढे करून घास मागते तिला भरवायचंच. अर्थ लावायचा तो व्हेंटिलेटरचा, आयसीयूचा आणि नळीचा. शेवटच्या टप्प्यात गिळणं कमी झालं की नाकातून किंवा पोटातून नळी सुचवली जाते. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीपेक्षा सावकाश हातानं भरवावं, असा अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचा सल्ला आहे, कारण नळीनं आयुष्य वाढल्याचं किंवा न्यूमोनिया टळल्याचं दिसलेलं नाही. तुम्ही दोघं भावंडं एका कागदावर ठरवून ठेवा: व्हेंटिलेटर हवा का, नळी हवी का, न्यूमोनियाला घरीच औषध द्यायचं का. कागद डॉक्टरांच्या फाईलला लावा. रात्री दोन वाजता अपघात विभागाच्या दारात हे ठरत नाही.

अंगठ्याचं थोडक्यात. आई कागद समजू शकत नसेल तर अंगठा घेऊ नका, उद्या तो करार कुणीही उलटवेल. जुनं मुखत्यारपत्र असलं तरी देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपतं. उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागेल, वकील गाठा. आणि भावाला शांतपणे एवढं विचारा: अंगठ्यासाठी आई आहे, तर भेटीसाठी ती गेली कशी?

केंद्रात ठेवणं हे पाप नाही. तुमची झोप मोडून, पाठ मोडून चाललेली सेवा फार काळ टिकणार नाही, आणि थकलेल्या हाताचा स्पर्श तिला कळतो. पण ‘ती गेली’ म्हणून ठेवणं वेगळं आणि ‘तिला चोवीस तास माणूस हवं’ म्हणून ठेवणं वेगळं. पहिल्या कारणानं ठेवलं की भेटी संपतात. केंद्र बघायला सकाळी दहाला न जाता संध्याकाळी सहाला जा, बेचैनी त्याच वेळी वाढते. पलंगाला किंवा खुर्चीला बांधतात का, रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी असतात, तिथले लोक रुग्णाला नावानं हाक मारतात की ‘चार नंबर’ म्हणतात, हे बघा.

घरी असो वा केंद्रात, मावशींच्या हाती एक पान द्या. वर आईचा शिकवतानाचा फोटो. खाली आठ-दहा ओळी: तिला ‘आजी’ नको, ‘बाई’ म्हणा, विद्यार्थी तसंच म्हणायचे. अक्का कोण होती. चहात साखर किती. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. कशानं घाबरते, कशानं हसते. अंघोळीआधी काय सांगितलं की ती तयार होते. देव मानत नव्हती, पण आरतीची लय आवडते. ते पान तुम्ही एकट्यानं लिहू नका. पुढच्या वेळी भाऊ ठाण्याला आले की त्यांना सकाळी अकराला आईजवळ बसवा, टीव्ही बंद करा, आणि निम्म्या ओळी त्यांना लिहायला द्या.